दाजींच्या करवतीची मूठ

ये ये, आत ये. फळी तिथं भिंतीला टेकव. अरे, त्या स्टुलावर बसू नकोस! त्याचा एक पाय सकाळीच सरस लावून बसवलाय, अजून ओला आहे. तू बसलास तर स्टूल जाईल, तू चिकटशील आणि बोलणी मला बसतील. हां, या खोक्यावर बस. दाजी वर चहाला गेलेत. चहा म्हणजे नुसता चहा नाही, अक्काशी एखादं भांडण धरून, तेव्हा वेळ लागेल. तोवर तुला एक गोष्ट सांगतो. राजाची नाही, राणीची नाही, एका लाकडी मुठीची. खरी आहे. थोडं तिखटमीठ मी लावणारच, त्याशिवाय मला बोलताच येत नाही, पण मूळ माल खरा.

ती खिळ्याला टांगलेली करवत बघ. पातं नको बघूस, ते जुनंच आहे, दात घासून घासून निम्मं उरलंय. मूठ बघ. हसलास ना? हस, सगळेच हसतात. एका बाजूनं फुगलेली, दुसऱ्या बाजूनं चेपलेली, वरचं शिंग हे लांब, खालचं वळून थेट मनगटापर्यंत आलेलं. एका गिऱ्हाइकानं विचारलं होतं, मूठ आहे की गालगुंड झालेलं बदक? तर ते बदक मी केलंय. म्हणजे मी, माझी अक्का, आणि शेवटी स्वतः दाजी. तिघांचं पाप आहे ते.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. जन्मभर सुतारकाम केलं. मी लोखंडातला माणूस, गॅरेजमध्ये गाड्यांचे पोचे काढतो, म्हणून त्यांनी मला कधी नावानं हाक मारली नाही. पत्र्या म्हणतात. अक्काला बघायला आले तेव्हा माझ्या कपाळावर टिचकी मारून म्हणाले होते, "वाजतंय की रे आतून. रिकामं आहे वाटतं?" तिथून आमचं जमलं.

अक्का कपडे शिवते. खाली ही खोली दाजींची, वर राहायची जागा, आणि जिन्याच्या तोंडाशी, खिडकीला लागून तिचं मशीन. मधे नुसती फळ्यांची जमीन. खाली करवत चालली की वर ऐकू येते आणि वर मशीन चाललं की खाली. दिवसभर दोघं एकमेकांशी बोलायचे नाहीत, पण कान एकमेकांकडंच. करवत फार वेळ थांबली की अक्का टाच दोनदा आपटायची. दाजी हातोडी एकदा आपटायचे. म्हणजे माणूस ठीक आहे, बिडी ओढतोय.

गेल्या वर्षी एका दिवशी अक्कानं टाच आपटली आणि खालून काही आलंच नाही.

दाजींना अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू गेली. पडताना करवत अंगाखाली आली आणि मुठीचे दोन तुकडे झाले, पातं लांब जाऊन पडलं. दवाखाना, औषधं, मालिश, ते सगळं झालं. पाय सुधारला. जीभ तर अशी सुधारली की आधीपेक्षा जास्त चालायला लागली. हात मात्र अर्ध्यावर अडला. अंगठा आणि शेजारची दोन बोटं कामाची, उरलेली दोन नुसती सोबतीला. "भाडेकरू आहेत," दाजी म्हणायचे, "राहतात, पण काडीचं काम करत नाहीत."

डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, "आजोबा, हात चालवा. जे काम येतं तेच करा. आत्ता नाही चालवलात तर बोटं आहेत तशीच आखडतील, मग माझ्याकडं आलात तरी उपयोग नाही."

दाजी म्हणाले, "काम कशानं करू? करवतीची मूठ मोडलीय."

आता तूच सांग. सुतार म्हणतो मूठ मोडलीय! विहिरीनं म्हणावं मला तहान लागलीय, तसलं झालं. सगळ्यांना कळलं की हे निमित्त आहे. मोडलेली मूठ त्यांना बरी सापडली होती. ती होती म्हणून हाताचं बोलावं लागत नव्हतं. हात तर त्यांनी टॉवेलखाली घालून ठेवला होता. जेवताना डावा हात, बोलताना डावा हात, उजवा कायम टॉवेलखाली, झोपलेल्या पोरासारखा.

मी दुकानातून नवी कोरी करवत आणली. लाल प्लॅस्टिकची मूठ होती. दाजींनी डाव्या हातात घेतली, म्हणाले, "वा, चांगली आहे," आणि खाटेखाली सरकवून दिली. तिच्या दातांवरचं पुठ्ठ्याचं म्यान अजून निघालेलं नाही. आत्ता जाऊन बघ हवं तर.

तसेच महिने गेले. मग एका सकाळी पंक्चरवाला आला, तो कोपऱ्यावरचा, आणि या खोलीची लांबीरुंदी पावलांनी मोजायला लागला. दाजींनीच बोलावलं होतं. खोली त्याला देऊन टाकायची, हत्यारं ज्याला हवीत त्यानं न्यावीत. अक्का वरून ऐकत होती. मशीन थांबवून ऐकत होती.

ती तडक गॅरेजवर आली. गळ्यात टेप तसाच, अंगावर दोऱ्यांचे तुकडे. मी एका दाराचा पोचा काढत होतो.

"ठोकणं थांबव," ती म्हणाली. "मूठ करायचीय. तू करायचीस."

"मी? अगं अक्का, मी पत्र्याचा माणूस."

"मग? लाकूड काय देवाघरचं असतं? तेही ठोकायचंच."

"लाकूड ठोकून वाकत नाही गं."

"नाही वाकत तर कापून वाकव! तुझ्या सबबी ऐकायला आले नाही मी. घरी एक आहे तेवढा सबबी सांगणारा." मग माझ्या हातातली हातोडी काढून बाजूला ठेवली. म्हणाली, "बाळ, एकदा का ते खाली उतरायचे थांबले ना, की खाटेवरूनही उठायचे नाहीत. मी ओळखते त्यांना. हात अर्धा राहिला तर राहू दे. अख्खा माणूस नको जायला माझा."

तिनं मला बाळ म्हटलं की मी मेलोच. माझं टक्कल बघ, आणि बाळ!

तर अक्कानं जुन्या कपाटाचं एक मोडकं दार दिलं. जाड, घट्ट, काळपट लाकूड. मुठीचे दोन तुकडे मी पुठ्ठ्यावर जुळवून ठेवले, कडेनं पेन्सिल फिरवली, पुठ्ठा कापला, लाकडावर ठेवून गिरवलं. यात काय अवघड आहे, म्हटलं. गाडीचा अख्खा मडगार्ड मी नजरेनं सरळ करतो. कापली, बोटं घालायचं आतलं भोक गिरमिटानं पाडून मोठं केलं, कानशीनं घासायला घेतली, आणि खालचं शिंग कट् करून हातात आलं.

मग मी दाजींकडं गेलो. उघड विचारायची सोय नव्हती, तेव्हा आडून विचारलं.

"दाजी, समजा, एखाद्यानं लाकडातून कपाचा कान कापला."

"लाकडी कप?"

"समजा हो."

"समजलो. पुढं?"

"तर तो कान मोडला. का मोडला असेल?"

"कापणारा कोण आहे?"

"आहे एक ओळखीचा."

"मूर्ख आहे का?"

"थोडाफार."

दाजींनी डोळे मिटून घेतले. "रेषा आडवी आली असेल. लाकूड तुझ्या पत्र्यासारखं सगळीकडून सारखं नसतं. त्याला रेषा असतात. जिथं बारीक करायचं तिथं रेषा लांबीनं धावली पाहिजे, आडवी आली की तिथंच तुटणार. सांग तुझ्या मूर्खाला."

"सांगतो."

"आणि त्याला म्हणावं, लाकडी कपात चहा पिऊ नकोस. तोंड भाजत नाही पण चव जाते."

त्यांना कळलं असणार. अर्थात कळलं असणार, माणूस आजारी होता, खुळा नव्हता.

दुसऱ्यांदा मी रेषा बघून कापली. आणि काय सांगू तुला, अशी उतरली! जुन्या मुठीत अंगठ्याच्या जागी एक खळगी पडली होती, दाजींच्याच अंगठ्यानं वर्षानुवर्षं घासून पाडलेली. मी तीसुद्धा कोरली. पॉलिश पेपर मारला, तेल पाजलं, जुने पितळी स्क्रू घासून सोन्यासारखे केले, पात्याला बसवले. जुनी आणि नवी शेजारी ठेवली तर आई ओळखणार नाही कोण थोरला कोण धाकटा. गॅरेजमधली पोरं म्हणाली, उस्ताद, पत्रा सोडा आता. माझी छाती एवढी झाली.

सुट्टीच्या दिवशी सकाळी घेऊन गेलो. दाजींना खाली आणलं, या इथंच, मेजाजवळ. हातात दिली.

डाव्या हातानं त्यांनी ती उलटसुलट फिरवून बघितली. खळगीवर अंगठा नेला. "सही सही तीच की रे," म्हणाले. मग कितीतरी महिन्यांनी उजवा हात टॉवेलबाहेर आला. बोटं एकेक करून डाव्या हातानं भोकातून आत घातली, जशी लहान पोराची बोटं बाहीतून काढतात तशी. उचलली करवत.

ती फिरली. पात्याचं टोक जमिनीला टेकलं. पुन्हा उचलली, पुन्हा मूठ तळव्यातल्या तळव्यात फिरली. दोन बोटांत जोरच नव्हता ना, मागून धरायला कुणी नाही. तिसऱ्यांदा त्यांनी उचललीच नाही. मेजावर ठेवली, टॉवेल सारखा केला.

"छान झालीय पत्र्या. भिंतीवर लाव. शोभेल." आणि जिना चढायला लागले. चढता चढता म्हणाले, "पंक्चरवाल्याला सांग, ये म्हणावं."

मी इथंच बसलो होतो, तू बसलायस त्याच खोक्यावर. मला शिव्या खायची सवय आहे. त्या माणसानं मला जन्मभर शिव्याच दिल्या. हे 'छान झालीय' मात्र गिळवेना.

अक्का खाली आली. तिनं मूठ हातात घेतली, आत बघितलं, बाहेर बघितलं, एखाद्या शिवणीची उलटी बाजू बघावी तशी.

"तू माप कशाचं घेतलंस?"

"जुन्या मुठीचं. आणखी कशाचं घेणार?"

"तिथंच चुकलास." खोक्यावर माझ्या शेजारी बसली, मला ढकलून. "एखादी बाई दुखण्यातून उठून येते माझ्याकडं. जुना कपडा आणते, म्हणते, बाई, हुबेहूब असाच शिवा. मी कधी शिवत नाही. जुन्या कपड्याचं माप घेतलं की कपडा होतो त्या जुन्या बाईला. समोर उभी आहे तिला होतच नाही. मग ती म्हणते, मी वाईट झाले. अगं, तू कशाला वाईट? माप वाईट."

"मग आता?"

"आता त्यांचं माप घ्यायचं. हाताचं. आहे त्या हाताचं."

"तो हात टॉवेलच्या बाहेर येईल तेव्हा ना!"

तिनं आधी चलाखी करून बघितली. सांगतो, पण तिच्यासमोर यातलं अक्षर काढू नकोस. कणकेचा गोळा मळला, घट्ट, आणि दाजींना म्हणाली, माझं मनगट भरून आलंय, जरा दाबून बघा मऊ झाली का. गोळा तिनं टॉवेलखालीच उजव्या हाताशी सरकवला, दाजींनी दाबली. हिनं लगेच "अय्या, झाली की!" म्हणून तो बोटांच्या ठशांचा गोळा ताटलीखाली झाकून मला पाठवून दिला. मी गॅरेजवर ताटली काढतो तर काय! कणीक आपली फुगून गोल गरगरीत होऊन बसलेली. ठसे नाहीत, काही नाही. गॅरेजमधल्या पोरांनी विचारलं, उस्ताद, डबा आला का? मी म्हटलं, हो, दाजींचा हात आलाय जेवायला. पोरं चार हात लांबच राहिली दिवसभर.

मग अक्कानं चलाखी सोडली.

दुसऱ्या दिवशी ती सरळ दाजींच्या समोर स्टूल घेऊन बसली. गळ्यात टेप, तोंडात टाचण्या. मी दाराशी उभा. तिनं मला खडू दिला होता, सांगेन ते आकडे फळीवर लिही म्हणून.

"हात काढा बाहेर."

"कशाला?"

"माप घ्यायचंय."

"हातमोजा शिवतेस की काय?"

"हो."

"एकच?"

"दुसरा हात शहाणा आहे. त्याला नको."

दाजी हसले नाहीत. "राहू दे गं. काय बघायचंय त्यात? मेलेला मासा आहे."

अक्कानं तोंडातल्या टाचण्या काढून पदराला खोचल्या. "हे बघा. माझ्याकडं रोज बायका येतात आणि आरशासमोर उभ्या राहून आपल्याच अंगाला नावं ठेवतात. दंड जाड, पाठ वाकडी, पोट सुटलं. मी त्यांना एकच सांगते, मला अंग दाखवा, नावं ठेवायची तर घरी जाऊन ठेवा. तेच तुम्हाला सांगते. मासा असू दे नाहीतर सुसर, मला माप हवंय."

रस्त्यावरून कुणीतरी डबे वाजवत गेलं. मग टॉवेल हलला.

मी भिंतीकडं बघितलं. नवराबायकोचं असतं ते, आपण बघू नये. पण कान कुठं ठेवणार? ती एकेका बोटाचं माप घेत होती आणि मोठ्यानं सांगत होती, अगदी गिऱ्हाइकाचं सांगते त्याच आवाजात, ना गोड ना कडू. अंगठा एवढा. तळवा एवढा. "आता मिटा. मधलं मिटतंय, चांगलं आहे. शेजारचं मिटा. एवढंच? बरं. करंगळी? एवढीच? एवढीच तर एवढीच. लिही रे." मी लिहीत होतो. एकदा वळून बघितलंच, राहवलं नाही. दाजी छताकडं बघत होते. छतात बघण्यासारखं काही नव्हतं.

पण नुसत्या मापावर भागलं नाही. अक्का म्हणाली, "कपडा आधी कच्चा शिवतात, अंगावर घालून बघतात, मग पक्का." मी केलेली ती सुंदर मूठ तिनं घेतली आणि तिच्यावर चिंध्या गुंडाळायला सुरुवात केली. आधी दोन थर, मग दाजींच्या हातात देऊन, "धरा." मूठ फिरली. आणखी एक चिंधी, तळव्याच्या खोलगट जागी. सुईनं दोन टाके. "धरा." पुन्हा फिरली. खांद्यात कापूस भरतात तसा करंगळीच्या बाजूला कापूस भरला, वरून टाके मारले. "आता?"

"इथं ढिलं आहे," दाजी म्हणाले.

अक्कानं माझ्याकडं बघून एक डोळा बारीक केला. नंतर मला म्हणाली, गिऱ्हाईक गप्प असतं तोवर भीती. तक्रार करायला लागलं की समजावं, कपडा अंगाला लागला.

आणि मग काय तक्रारी, बाबा! इथं ढिलं, तिथं टोचतंय, अंगठ्याला जागा नाही, वरचं शिंग अंगठ्याच्या बेचक्यात नीट बसत नाही, भोक अरुंद आहे, बोटं आत जायला वाकावी लागतात. अक्का उसवत होती, भरत होती, पुन्हा शिवत होती. माझ्या तेल पाजलेल्या मुठीचं अगदी गाठोडं झालं. पण दुपारी दाजींनी ते गाठोडं धरलं, करवत उचलली, आणि पातं आडवं राहिलं. जरा थरथरलं, पण राहिलं. कमजोर बोटांना धरावंच लागत नव्हतं. मुठीनंच तळवा भरून टाकला होता, ती नुसती तिच्यावर रेलून बसली होती, आणि खालच्या शिंगावर भरलेला कापूस मनगटाला मागून टेकू देत होता.

"ठेवा खाली आता," अक्का म्हणाली. "आणि तू, या गाठोड्यासारखी लाकडात कर. सुंदर नको. अशी."

पत्र्याच्या कामात आम्ही हेच करतो खरं तर. पोचा कधी कधी आतून दाबून बाहेर आणायचा असतो, चित्र बघून नाही, हात फिरवून. मी डोळे मिटून त्या गाठोड्यावर हात फिरवायचो आणि मग लाकडावर फिरवायचो. इथं फुगीर, तिथं खोल. कपाटाचं दार पुरलं नाही, तळव्याच्या बाजूला दोन तुकडे वर चिकटवावे लागले. तीन वेळा भोक मोठं केलं. पोरं म्हणाली, उस्ताद, पत्राच बरा. मी म्हटलं, गप बसा आणि कानस द्या.

घेऊन आलो. दाजी आपण होऊन खाली आले होते, हे लक्षात ठेव. मेजाला टेकून उभे होते. मूठ बघितली.

"कुणी केली ही? गाढवानं?"

"हो. म्हणजे मी."

"गाढवाला निदान चार पाय असतात, तोल कळतो. हे काय टेंगूळ ठेवलंस? आणि इथं रंधा मारलास का दातांनी कुरतडलंस? कड काढायची असते, कड! हात कापेल माणसाचा." तळवा टेकतो तिथं बोट दाबून बघितलं. "एवढं जाड नको. दे इकडं. कानस दे."

मी म्हणणार होतो, थांबा, मी करतो. तोंड उघडलंच होतं. अक्कानं माझ्या पायावर पाय दिला. असा दिला की अजून पाऊस आला की दुखतो.

दाजींनी डाव्या हातानं मूठ शिकंज्यात आवळली. उजव्यात कानस. पहिल्यांदा निसटली, मेजावर पडली. उचलली. पुन्हा निसटली. मी आणि अक्का दोघंही दुसरीकडंच बघत होतो. ती टेपच्या गुंडाळ्या करत होती, मी कधीचा एकच स्क्रू पुसत होतो. मग हळूहळू खर्र, खर्र असा आवाज सुरू झाला. एकसारखा नव्हता. मधेच थांबायचा, श्वास घ्यायचा, पुन्हा खर्र. भुसा पडत होता. किती वेळ झाला विचारू नकोस, अक्कानं दोनदा चहा केला आणि दोन्ही वेळा गार झाला.

मग स्क्रू बसवले. दाजींनी एक रद्दी फळी घेतली, त्यावर पेन्सिलीनं रेघ मारली, फळी गुडघ्याखाली दाबली आणि करवत लावली.

चालली रे. लंगडत चालली, मधे एकदा अडकली, दाजींनी शिवी दिली, करवत मागं घेतली, पुन्हा पुढं. फळीचा तुकडा पडला. मी उडी मारून उचलला आणि ओरडलो, "दाजी! सरळ आली की हो! एकदम सरळ!"

दाजी माझ्याकडं असे बघत राहिले की मला वाटलं करवत माझ्यावरच चालवतात. "डोळे आहेत का बटणं? आजाऱ्याला फळं नेऊन देतात तसं बोलू नकोस माझ्याशी."

अक्कानं माझ्या हातातला तुकडा घेतला, टेप लावला. "शेवटाला बोटभर वाकडी आहे," ती म्हणाली.

"अर्धं बोट."

"बोटभर. मापाचं माझ्यासमोर बोलू नका."

आणि हसले दाजी. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा. हसत हसतच दुसरी फळी ओढली. "बोटभर तर बोटभर. आण ती पेन्सिल."

तेवढ्यात दारात पंक्चरवाला, खांद्यावर दोन टायर. "काका, ठेवू ना आत?"

"कुठं ठेवतोस?" दाजी म्हणाले. "दिसत नाही, माणसं काम करतायत? जा, उजेडातून बाजूला हो."

तो बिचारा आपले टायर घेऊन गेला. भला माणूस आहे, नंतर त्याचंच हवेच्या पंपाचं लाकडी खोकं पहिलं काम म्हणून आलं. वाकडंच झालं ते. त्याला चाललं.

आता दाजी रोज उतरतात. काम थोडं, बडबड जास्त. डॉक्टरीणबाईंनी करंगळी हलवून बघितली, म्हणाल्या, आजोबा, ही थोडी मिटायला लागलीय. अजूनही मधूनच मूठ काढून घासत बसतात, हात बदलतोय म्हणतात, मूठही बदलली पाहिजे. छोट्या फळ्या एकटेच कापतात. लांब असली की मात्र पलीकडचं टोक धरायला माणूस लागतो. तुझी ही फळी लांब आहे. एरवी मीच धरतो, पण माझी पाठ आज सकाळपासून रुसून बसलीय, वाकू देत नाही.

जिना वाजला बघ, येतायत. तर एवढं कर माझ्यासाठी. तूच ते टोक धर. फार आवळून नको, करवत अडकते. हळू हळू असं म्हणू नकोस. आणि रेघ वाकडी जायला लागली तर तोंड शिवून उभा राहू नकोस. सांग त्यांना, दाजी, वाकडी चाललीय. सांगशील ना?